बडोद्याच्या वाड्यातली मांजरे : पिसवांवरचे औषध निवडताना ठेवलेल्या नोंदी

२ जुलै २०२५

जागा दांडिया बाजारामागचा जुना दुमजली वाडा. खाली कोटा फरशी, वर लाकडी माळा, मागे मातीचे अंगण. पाच मोठी मांजरे, पांढरीची तीन पिल्ले आणि एक कुत्रा. शेजारी पिंजऱ्यात ससे पाळलेले आहेत. औषध ठरवताना त्यांचाही विचार करावा लागणार, म्हणून ते आजच नोंदवले.

औषधाच्या आधीची कामे दोन. पिसवा खरोखर आहेत का आणि किती, हे पाहणे. मग प्रत्येक मांजराचे वजन.

फणी बारीक दातांची, धातूची. मानेमागे, शेपटीच्या मुळाशी आणि पोटाखाली फिरवायची, प्रत्येक मांजराला सारखाच वेळ द्यायचा, नाहीतर आकड्यांची तुलना करता येत नाही. फणी बुडवायला भांड्यातले पाणी लागते, त्यात भांडी घासायच्या साबणाचे काही थेंब हवेतच. नुसत्या पाण्यावर पिसू तरंगते आणि उडी मारून निघून जाते. साबणाने पाण्याचा ताण मोडतो आणि ती बुडते.

पिसू दिसली नाही म्हणून मांजर स्वच्छ, असे धरू नये. मांजर स्वतःला इतके चाटते की सापडलेली पिसू गिळूनच टाकते. खरा पुरावा काळ्या कणांचा. फणीत आलेले कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाकावेत. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त. साधी माती काळीच राहते.

वजन कापडी पिशवीत घालून टांगायच्या काट्यावर. माणसाने मांजर उचलून बाथरूमच्या काट्यावर उभे राहायचे आणि वजाबाकी करायची, ही पद्धत इथे पुरत नाही. काही औषधांची सीमा अडीच किलोवर आहे आणि त्या काट्यात तेवढ्यापुरती चूक सहज होते. पिल्लांसाठी स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा आणि खोलगट वाडगा.

पांढरी २.९ किलो, पिल्लांना पाजते आहे. बोका ५.२. म्हातारी तपकिरी ३.१, किडनीचा आजार. दोन बहिणी, दिसायला सारख्याच : एक २.३, दुसरी २.६. पिल्ले चार आठवड्यांची, ३८० ते ४३० ग्रॅम. पिसवा सगळ्यांच्याच अंगावर. पिल्लांच्या हिरड्या फिकट आहेत, ही सगळ्यांत काळजीची गोष्ट. एवढ्या लहान अंगात रक्तच थोडे असते, पिसवा ते बघता बघता कमी करतात.

४ जुलै

काय वापरायचे याआधी काय घरात ठेवायचेच नाही, ते ठरवले. कपाट, न्हाणीघर आणि गोठ्याच्या सामानाची खोली उघडून प्रत्येक डब्यावरचे बारीक अक्षरातले घटक वाचले. समोरचे मोठे नाव आणि चित्र बघून काहीच कळत नाही. एकाच नावाखाली कुत्र्याचे वेगळे आणि मांजराचे वेगळे औषध निघते, त्यातले रसायनही वेगळे असू शकते.

पहिले बाहेर गेले ते कुत्र्याच्या मानेवर टाकायचे परमेथ्रिन असलेले थेंब. कुत्र्यांच्या अशा थेंबांत परमेथ्रिन ४५ ते ६५ टक्के असते आणि मांजराला ते जिवावर बेतते. मांजराच्या यकृतात ग्लुकुरोनिक आम्ल जोडून विष बाहेर काढण्याची सोय फार तोकडी आहे, त्या कामाचे एक जनुक (यूजीटी१ए६) मांजरांत निकामी झालेले आहे. कुत्र्याचे शरीर जे पचवून टाकते ते मांजराच्या शरीरात साठते आणि मज्जातंतू सतत चेतवत राहते. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा मांजराला मारू शकते, त्यामागेही हीच उणीव आहे. म्हणून ‘थोडेसेच लावू’ हा विचार इथे अजिबात नको.

मग डेल्टामेथ्रिन आणि सायपरमेथ्रिन, गाईम्हशींच्या गोचिडांसाठीचे. आपल्याकडे प्रत्येक पशुऔषधांच्या दुकानात मिळते, स्वस्त असते, आणि ‘बादलीभर पाण्यात झाकणभर टाका’ असा सल्ला कुणीही देतो. परमेथ्रिनचीच ही पायरेथ्रॉइड जात, हाच धोका. झुरळांच्या खडूतही बहुधा हेच पायरेथ्रॉइड असते. मांजर त्या रेघेवरून चालते आणि पंजे चाटते.

गोचिडांवरचे अमिट्राझचे द्रावण गेले. कुत्र्यांसाठीचा प्रोपॉक्सर असलेला गळपट्टा आणि पिसवांची पावडर गेली. ‘नैसर्गिक’ म्हणून ठेवलेले टी ट्री तेल, कापूर, डांबरगोळ्या, कडुलिंबाचे तेलही गेले. झाडातून आले म्हणून यकृताचे काम हलके होत नाही. अंगाला रॉकेल चोळण्याची जुनी रीत तर सरळ भाजण्याची आणि फुप्फुसे खराब करण्याची. खाण्यात लसूण घालून पिसवा पळवणे हेही नको, लसणाने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात.

काळे फिनाइल हा आपल्या घरांतला सगळ्यांत दुर्लक्षिलेला घटक. पिसवा झाल्या की लोक फरशीला जास्तच फिनाइल लावतात. त्यातली फिनॉल मांजराला बाहेर काढता येत नाहीत, आणि ओल्या फरशीवरून चाललेले पंजे शेवटी तोंडातच जातात. इथून पुढे फरशी साबणाच्या पाण्याने, मग साध्या पाण्याने.

आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन पुष्कळदा ‘सगळ्या किड्यांवर’ म्हणून दिले जाते. खरजेच्या किड्यांवर त्याचा उपयोग आहे, पिसवांवर ते भरवशाचे नाही.

५ जुलै

पिल्ले आधी. चार आठवड्यांच्या पिल्लाला मानेवरचे थेंब नाहीत. या वयाला लेबलात बसते ते ०.२५ टक्के फिप्रोनिलचे फवारणीचे औषध, दोन दिवसांच्या पिल्लापासून. मात्रा किलोमागे ३ ते ६ मिली. १०० मिलीच्या बाटलीचा एक दाब म्हणजे ०.५ मिली, तेव्हा ४०० ग्रॅमच्या पिल्लाला तीन ते चार दाब. डॉक्टरांनी हिरड्या पाहून होकार दिल्यावरच केले.

फवारा थेट अंगावर मारला नाही. हातमोजा घालून तळहातावर दाबायचे आणि केसांच्या उलट दिशेने चोळायचे, डोळे-नाक-तोंड सोडून. यात अल्कोहोल असते, ते उडताना अंग गार पडते. चार आठवड्यांच्या पिल्लाला गारठा पिसवांइतकाच वाईट. त्यामुळे एका वेळी एकच पिल्लू, खिडकी उघडी पण पंखा बंद, शेजारी टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली. केस पूर्ण सुकल्यावरच आईकडे, नाहीतर ती चाटून काढते. त्याच दिवशी अंघोळ घालायची नाही.

ससे दुसऱ्या घरात असले तरी हे काम त्यांच्या बाजूच्या खोलीत केले नाही. फिप्रोनिल सशांना मारक आहे. मांजराला लावलेला हात न धुता सशाला लावू नये.

६ जुलै

मोठ्यांची निवड. प्रत्येकाचे उत्तर वेगळे आले, आणि ते तसेच यायला हवे. सगळ्या मांजरांना एकच औषध घेतले की कुणावर तरी अन्याय होतो.

पांढरीला सेलामेक्टिन. पाजणाऱ्या मांजरीला ते चालते, शिवाय कानातली खरूज आणि पोटातले गोल जंतही त्यात जातात. मात्रा किलोमागे किमान ६ मिग्रॅ. २.६ ते ७.५ किलोला ४५ मिग्रॅची, म्हणजे ०.७५ मिलीची ट्यूब. अडीच किलोपर्यंत १५ मिग्रॅची, ०.२५ मिलीची. दोघी बहिणी इथेच वेगळ्या पडल्या. २.३ किलोच्या मांजरीला लहान ट्यूब, २.६ च्या मांजरीला मोठी. अंदाजाने दोघींना एकच घेतली असती तर एकीला औषध कमी पडले असते किंवा दुसरीला जास्त झाले असते. कुत्र्याचे सेलामेक्टिन १२ टक्क्यांचे असते, मांजराचे ६ टक्क्यांचे. ट्यूब सारखीच दिसते.

बोक्याला फिप्रोनिल आणि एस-मेथोप्रीन. मांजरासाठीची ट्यूब ०.५ मिलीची, त्यात ५० मिग्रॅ फिप्रोनिल. तो गल्लीत फिरतो, गोचीडही आणतो, आणि गोचिडावर सेलामेक्टिनपेक्षा फिप्रोनिल बरे. मेथोप्रीन मोठ्या पिसूला मारत नाही, तिने घातलेली अंडी उबू देत नाही. पैसे वाचवण्यासाठी कुत्र्याच्या मोठ्या ट्यूबमधून सिरिंजने ०.५ मिली ओढून घेणारे पुष्कळ आहेत. कुत्र्याच्या फिप्रोनिलमध्ये परमेथ्रिन मिसळलेलेही प्रकार असतात, म्हणून हे करू नये.

म्हातारीला डॉक्टरांनी तपासून इमिडाक्लोप्रिड दिले, चार किलोखालची ०.४ मिलीची, ४० मिग्रॅची ट्यूब. आजारी किंवा खंगलेल्या मांजराला कुठलेही औषध लेबल वाचून आपणच ठरवू नये.

महिन्याच्या महिन्याला पकडता येत नाही अशा मांजराला फ्लुरालेनरचे थेंब सोयीचे, एक मात्रा १२ आठवडे टिकते. पण या गटाच्या औषधांबद्दल अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने (एफडीए) २०१८ मध्ये झटके आणि अंग थरथरण्याचा इशारा दिला आहे. आधी कधी झटका आलेल्या मांजराला ते टाळावे.

कुत्रा १४ किलोचा. त्याचे परमेथ्रिनचे थेंब बंद, त्याऐवजी फ्लुरालेनरची ५०० मिग्रॅची चघळायची गोळी. मांजरे त्याच्या कुशीत झोपतात. त्याच्या पाठीवर ओले परमेथ्रिन असणे म्हणजे मांजरांच्याच पाठीवर असण्यासारखे.

९ जुलै

थेंब टाकले. मानेवर, कवटीच्या बुंध्याशी, जिथे मांजराची जीभ पोहोचत नाही. केस दोन्हीकडे सारून कातडी दिसली पाहिजे. ट्यूबचे टोक कातडीला टेकवून एकदम दाबायची आणि ती दाबलेलीच ठेवून उचलायची, नाहीतर औषध परत आत ओढले जाते. चोळायचे नाही. केसांवर पडलेले थेंब वाया जातात, ‘औषध लागू पडले नाही’ या तक्रारीचे हे एक मोठे कारण.

आदल्या दोन दिवसांत अंघोळ नाही, नंतरच्या दोन दिवसांतही नाही. फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड कातडीच्या तेलातून अंगभर पसरतात. शांपूने तेल गेले की पसरायला वाट राहत नाही.

सुकेपर्यंत प्रत्येक मांजर वेगळ्या खोलीत. एका बहिणीने दुसरीची मान चाटली तर तोंडाला फेस येतो. तो बहुतेक वेळा कडू चवीमुळे, आणि थोड्या वेळात थांबतो. पाणी द्यावे आणि लक्ष ठेवावे. फेसाबरोबर कान किंवा पंजे फडफडू लागले, अंग थरथरू लागले तर ती चवीची गोष्ट नाही.

१३ जुलै

घर. मांजराच्या अंगावर दिसतात त्या पिसवा एकूण संख्येच्या साधारण ५ टक्केच. बाकी अंडी, अळ्या आणि कोश, आणि ते सगळे घरात. मादी रक्त प्यायल्यापासून दीड दिवसात अंडी घालू लागते, दिवसाला ४० ते ५० पर्यंत. अंडी चिकट नसतात, मांजर जिथे झोपते तिथे गळतात. अळी उजेडापासून पळते, फटीत शिरते, आणि वरून पडणारी मोठ्या पिसवांची विष्ठा खाऊन वाढते. तिला दमट हवा लागते. हवेतला ओलावा ५० टक्क्यांच्या खाली गेला की ती सुकते. मे महिन्यातल्या बडोद्याच्या उन्हात अंगणातल्या अळ्या टिकत नाहीत. जुलैत सगळा वाडाच त्यांना मानवतो.

त्यामुळे जागा निवडून काम केले : कोटा फरशीच्या सांधी, झोपाळ्याची गादी, जिन्याखालची गोणपाटे, पांढरीची गोधडी. व्हॅक्यूम क्लीनरचे अरुंद तोंड लावून सांधी ओढल्या, पिशवी लगेच बांधून बाहेर टाकली. गोणपाटे ठेवलीच नाहीत.

गोधडी ६० अंश तापमानाच्या पाण्यात धुवायची. पण पावसाळ्यात खरी अडचण पुढे येते. जाड गोधडी आतून ओलसरच राहते, आणि अर्धवट वाळलेली गोधडी पुन्हा अंथरणे म्हणजे अळ्यांना हवी तशी जागा करून देणे. म्हणून मांजरांना गोधडीऐवजी जुन्या सुती साड्यांच्या दोन घड्या केल्या. एक अंथरायची, एक उकळत्या पाण्यात टाकून पंख्याखाली वाळवायची. रोज होईल तेवढेच काम नेमावे, नाहीतर आठवड्यात सुटते.

घरभर फवारणी केली नाही. करायचीच असेल तर घरात वापरण्याचे लेबल असलेले पायरिप्रॉक्सीफेन किंवा मेथोप्रीन (दोन्ही पिसवांची वाढ थांबवणारी), कोपऱ्यांत आणि सांधीत, मांजरे आणि माशांची टाकी दुसरीकडे हलवून, पूर्ण सुकेपर्यंत. कीडनाशकवाल्याला आधी रसायनाचे नाव विचारावे. ‘हर्बल आहे’ हे उत्तर पुरेसे नाही.

२५ जुलै

पिसवा पुन्हा दिसल्या. फणीत थोड्याच, पण जिन्याखाली पांढरे मोजे घालून उभे राहिल्यावर घोट्याजवळ काळे ठिपके चढताना दिसले. याच टप्प्यावर बहुतेक घरांत ‘औषध खोटे निघाले’ असे ठरते आणि कुणीतरी जाऊन अधिक जहाल काहीतरी आणते. धोका सुरू होतो तो इथे.

हे अपेक्षितच आहे. कोशाच्या चिकट वेष्टणावर धूळ बसते, त्यात कुठलेही औषध शिरत नाही. आतली पिसू आठवडे, प्रसंगी महिनोन्महिने थांबते, आणि हादरा, ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड लागला की बाहेर येते. औषध टाकण्याआधी तयार झालेले कोश आता उघडत आहेत. त्यातून निघालेली पिसू मांजरावर चढते आणि मरते, फक्त मरण्याआधी दिसते. व्हॅक्यूमच्या हादऱ्याने त्या लवकर बाहेर पडतात, म्हणून सफाई वाढवायची. मात्रा वाढवायची नाही, वेळेआधी पुन्हा टाकायची नाही.

मोजण्यासाठी रात्री जिन्याखाली उथळ थाळीत साबणाचे पाणी, वर वीतभर उंचीवर छोटा दिवा. उजेडाच्या आणि उबेच्या ओढीने आलेल्या पिसवा थाळीत पडतात. हा उपाय नव्हे, फक्त मोजमाप. पण आकडा खाली येतो की नाही हे त्यावरून निर्विवाद कळते.

एक भीती लोकांच्या बोलण्यात येते, १९९४ च्या सुरतेच्या प्लेगची. प्लेग पसरवणारी मुख्य पिसू उंदरांवरची, झेनोप्सिला. मांजरांवरची ही टेनोसेफॅलिडिस फेलिस, वेगळी जात. तिच्यामुळे मांजराच्या ओरखड्याचा ताप येऊ शकतो, म्हणून ओरखडा साबणाने धुवावा. मांजरे घराबाहेर घालवण्याचे मात्र काही कारण नाही.

८ ऑगस्ट

दुसरी मात्रा, महिन्याने. आधी सगळ्यांचे पुन्हा वजन. लहान बहीण २.५५ किलो झाली, म्हणून तिला आता मोठी ट्यूब.

पिल्ले नऊ आठवड्यांची, ८६० ते ९४० ग्रॅम. फिप्रोनिलच्या थेंबांना आठ आठवडे आणि एक किलो, दोन्ही अटी लागतात. वय झाले म्हणून वजनाची अट सुटत नाही, आणि आपल्याकडची गल्लीतली पिल्ले या वयाला किलोच्या आतच असतात. त्यांना सेलामेक्टिनची १५ मिग्रॅची ट्यूब. हिरड्या गुलाबी झाल्या आहेत.

२४ ऑगस्ट

गणपती २७ तारखेला. घरात पाहुणे येणार, कुणाच्या तरी पिशवीत कुत्र्याचे औषध असणार, कुणीतरी कापूर जमिनीवर विसरणार. म्हणून दाराआड कागद लावला.

चुकीचे औषध अंगाला लागले तर : कोमट पाण्याने आणि भांड्यांच्या साबणाने लगेच धुवा. गरम पाणी नको, त्याने कातडीतून जास्त शिरते. गार पाणीही नको, अंगातली ऊब गेली की परमेथ्रिनची विषबाधा वाढते. टॉवेलात गुंडाळून डॉक्टरांकडे, बरोबर औषधाचे खोके. दूध, तूप, मिठाचे पाणी पाजू नका, उलटी करवू नका. थरथर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही सुरू होते, त्यामुळे ‘आता तर बरे दिसते’ म्हणून घरी थांबू नका. डॉक्टरांना रसायनाचे नाव सांगा. परमेथ्रिनला मेथोकार्बामॉल (स्नायू सैल करणारे औषध) आणि शिरेतून लिपिड (स्निग्ध द्रावण) अशी वाट असते, सेंद्रिय फॉस्फरसच्या विषाला ॲट्रोपिन; नाव चुकले तर उपचार चुकतो. गल्लीतले मांजर असेल तर गुजरातेत करुणा ॲम्ब्युलन्सचा १९६२ हा क्रमांक.

१२ सप्टेंबर

बोक्याच्या शेपटीखाली तांदळाएवढे पांढरे, हलणारे तुकडे. डिपिलिडियम, म्हणजे पट्टकृमी. त्याची अंडी पिसूची अळी खाते, पिसू मांजर गिळते. सेलामेक्टिन किंवा फिप्रोनिलने हा जंत जात नाही. प्राझिक्वांटेल, किलोमागे साधारण ५ मिग्रॅ, सर्व मोठ्या मांजरांना. पिसवा आटोक्यात येण्याआधी दिले असते तर काही आठवड्यांत जंत पुन्हा झाले असते, म्हणून आजपर्यंत थांबलो.

तिसरी मात्रा ७ तारखेलाच झाली. थाळीत आता रात्री एखादीच.

७ ऑक्टोबर

दिवाळीच्या सफाईला माळा उघडला. चार महिने कुणी न हलवलेल्या गाद्या आणि खोकी तिथे आहेत. बोका पावसात वर झोपत होता, म्हणजे कोशही तिथे असणार. म्हणून चौथी मात्रा आज सकाळी, माळा दोन दिवसांनी. आधी मांजरांच्या अंगावर औषध, मग झाडलोट. उलटे केले तर जाग्या झालेल्या पिसवांना अंडी घालायला वेळ मिळतो. गाद्या ऑक्टोबरच्या उन्हात गच्चीवर, दोन्ही बाजू उलटून. खोक्यांचे पुठ्ठे रद्दीत.

२ नोव्हेंबर

फणीत पिसू नाही, कागदावर तांबूस डाग नाही. थाळी आठवडाभर रिकामी. म्हातारीच्या पाठीवरचे खवडे भरून केस येत आहेत; तिला पिसूच्या लाळेची ॲलर्जी होती, अशा मांजराला दोन-चार चावेही पुरतात.

बाहेर न जाणाऱ्या तिघींची मात्रा डिसेंबरनंतर डॉक्टरांना विचारून थांबवता येईल. बोक्याची आणि म्हातारीची वर्षभर. पिल्लांचे वजन दर पंधरवड्याला, अडीच किलो ओलांडले की ट्यूब बदलायची. रिकाम्या ट्यूबा कागदात गुंडाळून कचऱ्यात, मोरीत धुवायच्या नाहीत. फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड पाण्यातल्या किड्यांना अगदी थोड्या मात्रेतही मारतात आणि मोरीचे पाणी शेवटी विश्वामित्रीलाच मिळते.